डकवलेला रंग

आमच्या घरमालकांनी उभ्या जन्मात कुणाच्या दाराची कडी वाजवली नसेल. अलिबागच्या कोर्टात बेलिफ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. समन्स बजावायचं, जप्ती करायची, भांडणातल्या जागेचा ताबा ज्याचा त्याला द्यायचा, ही त्यांची कामं. नोकरी संपली तरी पुकारा संपला नव्हता. दारासमोर उभं राहायचं, आतल्या माणसाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि आडनाव असं तीनदा खणखणीत आवाजात पुकारायचं आणि मग मागं सरून वाट बघायची. जिल्हा परिषदेत बदली होऊन मी त्यांच्या वरच्या खोल्यांत राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझा पुकारा झाला. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, आपल्या हातून काहीतरी भानगड झालीय अशा खात्रीनंच मी दार उघडलं. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर ताठ उभे.

"हजर?"

"हजर," मी म्हणाले.

"खाली पोहे केलेत. गार व्हायच्या आत या."

आळी त्यांना बेलिफ म्हणायची, मी काका म्हणे. पांढरा बुशकोट, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात 'सदर', 'तूर्तास' आणि 'अन्यथा' या शब्दांची पेरणी. "सदर आमटीत मीठ कमी आहे," असं ते काकूंना सांगत. "मग सदर हातानं घ्या," असं काकू सांगत. मीठ ओट्यावरच असे.

पंचांशिवाय काकांचं कुठलंही काम सुरू होत नसे. नारळ कौलांवर पडला, पाण्याची टाकी गळली, मांजरीनं दूध सांडलं, की आधी पंचनामा. तोही तोंडी, कारण त्यांच्या मते लेखी करायला माणूस पगारी हवा. पंच दोन लागतात. काकू चालत नसत, त्या हितसंबंधी साक्षीदार. त्यामुळे एक पंच कायमची मी, आणि दुसरी सकाळी मासळीची पाटी घेऊन येणारी कोळीण मावशी. "कौलं फुटलेली दोन, नारळ एक, शाबूत. पंचांना मान्य?" असं काका विचारत. मी मान्य म्हणे. मावशी पाटी उतरवत म्हणे, "मान्य रं बाबा, मान्य. आता बांगरं घेतंस का जाऊ?"

पण काकांचा खरा अभिमान वेगळाच होता, तो चिकटवण्याचा. पक्षकार नोटीस घ्यायला नकार देतो, घरात असून नसल्यासारखा वागतो, तेव्हा बेलिफानं ती दाराला डकवायची असते. काकांची खळ घरची असे, मैदा शिजवून, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालून. नोटीस मधून सुरू करून कडेकडेला तळव्यानं दाबत न्यायची, एक बुडबुडा राहता कामा नये. आपली एकही नोटीस पावसात उलली नाही असं ते सांगत, आणि तसं म्हणताना त्यांचा तळवा आपोआप हवेत फिरे. काकूंनी मला एकदा त्यातली दुसरी बाजू सांगितली. काका तळा गावच्या बौद्धवाडीतले, कोर्टात नोकरीला लागलेला वाडीतला पहिला माणूस. काही घरांनी त्यांना पायरी चढू दिली नाही, सरकारी कागद हातात असताना अंगणातूनच वाचायला लावला. मी काकांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मला आत जायचंच नव्हतं, मॅडम. नोटीस आत जाते, बेलिफ बाहेर राहतो. कायदाच तसा आहे." त्यांना कायद्याची अशी फार सोबत होती.

घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची गाडी असे. जुनी पद्मिनी. हल्ली ही गाडी ज्यांच्याकडे असते ते तिला क्लासिक म्हणतात आणि ज्यांच्याकडे नसते ते डबडं म्हणतात. काका तिला 'सदर वाहन' म्हणत. रंग मलईचा. त्या रंगावरून घरात एक दुखणं होतं, आणि ते मला पहिल्या वर्षातच पाठ झालं.

गाडी मूळची काळी-पिवळी, मुंबईची टॅक्सी. काकांचे थोरले भाऊ, दादा, जन्मभर ती चालवत. काकांचं शिक्षण त्या टॅक्सीनं केलं, आणि या घराच्या जोत्याला लागलेलं सिमेंटसुद्धा तिच्याच डिकीतून आलं, असं काकू सांगत. पुढं जुन्या टॅक्स्या रस्त्यावरून काढायची वेळ आली. दादांचे डोळेही अधू झाले होते. भंगारवाला येऊन उभा राहिला तेव्हा दादांनी त्याला शिव्या घालून हाकललं, गाडी इथं अलिबागला धाकट्याच्या दारात आणून लावली आणि म्हणाले, "कायदा तुजा, गाडी माजी. दोघांचं जमव काय ते." आणि एसटी पकडून तळ्याला गेले.

काकांनी जमवलं. परवाना रद्द करून गाडी खासगी करून घेतली. खासगी गाडीला टॅक्सीचा रंग चालत नाही, तेव्हा रंग बदलणं आलंच. गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं जुना रंग वरवर घासला आणि त्यावरच मलईचा फवारा मारला. ती नवी गाडी घेऊन काका मोठ्या हौसेनं तळ्याला गेले. दादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, "ही माजी न्हाय," म्हणाले आणि घरात गेले. त्यानंतर दादा त्या गाडीत कधी बसले नाहीत. लग्नाला, मयताला, डोळ्यांच्या ऑपरेशनला, कुठंही एसटीनं नाहीतर विक्रम रिक्षानं. अलिबागच्या घरीही पाऊल टाकलं नाही. फोनवर दोघं बोलत, पण तब्येतीपुरतंच. पूर्वी बुद्धपौर्णिमेची खीर दोन्ही घरं एकत्र खायची, तीही बंद झाली. काकू दर वर्षी दादांच्या वाटीची खीर जास्त करत आणि काका ती मुकाट्यानं दोन दिवस खात.

विषय निघाला की काका म्हणत, "कायद्यात दुसरी वाटच नव्हती."

"काळा-पिवळा नको, येवढंच कायद्यानं सांगितलं व्हतं," काकू आतून म्हणत. "पन तुमच्या जज्जसायबाच्या गाडीचा रंग व्हता तोच लावा, हे कुनी सांगितलं?"

यावर काका शेडमध्ये जाऊन गाडी पुसायला लागत. ते दर रविवारीही पुसत. आमच्याकडचं खारं वारं लोखंड खातं, म्हणून इकडची माणसं गाड्यांना तेल चोळतात. काका खोबरेलात थोडं डिझेल मिसळत आणि फडक्यानं गाडीच्या अंगाअंगाला जिरवत. गाडीजवळून गेलं की भूक लागायची आणि लगेच मळमळायचं.

एवढं करूनही एका हिवाळ्यात मलई सोलायला लागली. टपावर इथं तिथं पिवळं डोकावू लागलं. रंगारी आला, नख लावून बघितलं आणि म्हणाला, "हे सगळं पत्र्यापर्यंत खरवडायला लागेल. खालचा थर ठेवून उपयोग नाही."

"खालचा थर काढायचा नाही," काका म्हणाले.

"मग रंग धरणार नाय."

"खाली दादाची गाडी आहे," काका म्हणाले. रंगारी माझ्याकडे बघायला लागला. तो चहा पिऊन गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा पुकारा झाला. दार उघडलं तर काकांच्या हातात मोबाइल. त्यात एक पोरगा अख्ख्या गाडीला रंगीत प्लास्टिकची फिल्म चढवत होता. मागचा कागद सोलायचा, फिल्म पसरायची, पट्टीनं दाबत न्यायची, वळणावर गरम हवा मारायची. रंग नको, फवारा नको, आणि नकोशी झाली की ओढून काढायची, खालचा रंग जसाच्या तसा. काकांचे डोळे लकाकत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हे चिकटवण्याचं काम आहे."

"कुठला रंग लावणार?"

"अंग काळं, टप पिवळा."

"काका, म्हणजे टॅक्सी! खासगी गाडीला चालत नाही, तुम्हीच सांगता."

"टॅक्सी नाही. टॅक्सीसदृश, तात्पुरत्या स्वरूपाचं, काढून टाकण्याजोगं आवरण असलेलं खासगी वाहन. रंग वेगळा, आवरण वेगळं. दाराला नोटीस डकवली म्हणून दार बदलतं का? बुद्धपौर्णिमेला तळ्याला जायचं, दादाला त्यात बसवून खीर खायला घेऊन यायचं, परत सोडायचं. दुसऱ्या दिवशी आवरण काढायचं. मूळ रंग शाबूत."

हा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात चहाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकला नसता. पण तो करताना काका इतके खूश होते की मी मान्य म्हणून टाकलं.

फिल्मच्या लांबलचक नळकांड्या मुंबईहून आल्या तेव्हा आळीनं तर्क केला की बेलिफानं गालिचे मागवले. रीतसर पंचनामा झाला. मडगार्डला पोचा एक, डाव्या दाराला ओरखडे, टपावरची मलई उललेली. कोळीण मावशीनं पाटीवरचं ओलं फडकं सारखं करत विचारलं, "गारीला लुगरं नेसवतंस का रं?" काकांनी "आवरण" अशी दुरुस्ती केली. आपल्या खळीचं भांडंही त्यांनी तयार ठेवलं होतं, कारण परदेशी गोंदावर त्यांचा विश्वास नव्हता. ते भांडं मी आणि काकूंनी मिळून आत नेऊन लपवलं.

पहिली फिल्म बॉनेटवर बसली ती बघण्यासारखी. मधून कडेला, मधून कडेला, काकांचा तळवा असा फिरत होता की मला त्या न घेतलेल्या नोटिसांच्या मालकांची कीव आली. एक बुडबुडा नाही. "पंचांना मान्य?" काकांनी विचारलं. आम्ही चहा प्यायला आत गेलो. कप ठेवून बाहेर येतो तर सगळी फिल्म बॉनेटवरून घसरून जमिनीवर, सापाच्या कातीसारखी पडलेली.

काकांनी ती उचलून उलटसुलट करून बघितली. नोटीस नाकारणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, नाकारणारं बॉनेट पहिल्यांदाच पाहत होते. कारण काकूंनी शोधलं. बॉनेटवर एक बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं रविवारी रविवारी हिला तेल पाजलंय तुमी. तेलाच्या अंगाला काय चिकटतंय? दिवाळीत पोरांचं तेल कशानं काढतात?"

आणि मग त्या शेडमध्ये, एका निवृत्त बेलिफानं आणि त्याच्या बायकोनं, एका मोटारीला डाळीचं पीठ लावून आंघोळ घातली. मीही चोळलं. मावशी रस्त्यातच थांबली. "उटना लावतंस? लगीन हाय का गारीचं?" असं तिनं विचारलं आणि पुढच्या चार घरांत बातमी पोचवली. पिठामागून साबण झाला, साबणामागून स्पिरिट. तेल निघालं. पण फटीफटींत पीठ राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आळीतल्या सगळ्या मुंग्या गाडीवर हजर. टपाच्या पिवळ्या फिल्मखाली एक कायमची अडकली. काकांनी तिचीही नोंद घेतली, "मुंगी एक, मयत."

गरम हवा मारायची हिटगन येईपर्यंत माझा हेअर ड्रायर जप्त झाला. जप्तीच्या वेळी काकांनी मला "आपली हरकत असल्यास आत्ता सांगा" असं विचारलं होतं, आणि मी हरकत सांगितली होती. बुडबुडे फोडायला काकूंची शिवणाची सुई, फिल्म दाबायच्या पट्टीला गुंडाळायला काकूंची जुनी शाल. दुपारी समुद्रावरून वारं सुटलं की काम बंद ठेवावं लागे. एकदा काकांनी न ऐकता टपाच्या उरलेल्या भागासाठी फिल्मचा मागचा कागद सोलला, वाऱ्यानं ती फिल्म उचलली आणि काकांनाच डोक्यापासून कमरेपर्यंत गुंडाळलं. आतून "मॅडम, कात्री!" असा दबका आवाज आला. काकू हसून हसून पायरीवर बसल्या. नवी पिवळी फिल्म मागवावी लागली.

मडगार्डांवर सुरकुत्या पडल्या, दिव्यांच्या भोवती कडा सुटत राहिल्या, डिकीचा कोपरा तर कधीच मनासारखा बसला नाही. पण चारही दारं अप्रतिम झाली. ते साहजिकच होतं, काकांचा सगळा अनुभव दारांचाच.

चालकाच्या बाजूचं दार झालं त्या दिवशीची गोष्ट आहे. काका दारापुढं उकिडवे बसून एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते, जिथं दाबायला काही उरलं नव्हतं. मी पट्टी पुसून ठेवत होते. अचानक म्हणाले, "दादा येईल ना, मॅडम?"

इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून कायद्याचा टेकू नसलेला मी ऐकलेला हा पहिला प्रश्न. येतील हो, का नाही येणार, असं मी काहीतरी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण वळून बघितलं नाही.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी काकू खिरीला लागल्या आणि आम्ही दोघं निघालो. मी का, तर पंच. गाडी दुरून बघितली तर खरोखर टॅक्सी, जवळून बघितली तर टॅक्सीचं सोंग. रोह्याला नाक्यावर पोलिसानं हात केला. काकांनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि या क्षणासाठी महिनाभर घोकलेला युक्तिवाद सुरू केला. सदर वाहन, सदर आवरण, मूळ रंग अबाधित. पोलीस तरणाच होता. तो म्हणाला, "काका, ते राहू द्या. मुंबईत पण आता या दिसत नाहीत ओ. एक फोटो काढू?" त्यानं गाडीला टेकून फोटो काढला, काकांना सलाम ठोकला आणि सोडलं. त्यानं हरकत घेतली असती तर काकांना जास्त बरं वाटलं असतं.

तळ्याच्या वाडीत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. दादा ओट्यावर बसले होते. काटकुळा माणूस, अंगात अजून टॅक्सीवाल्याचा खाकी सदरा. मला वाटलं, आता काका इथंही पुकारा करणार. पण काका अंगणात नुसते उभे राहिले. मग त्यांनी जाऊन मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

दादा उतरून आले. ऑपरेशननंतर त्यांना बरं दिसत होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"प्लास्टिक हाय," ते म्हणाले.

"व्हय," काका म्हणाले. अलिबागेत कधी न ऐकलेली बोली त्यांच्या तोंडी आली होती.

"कशापाय केलंस ह्ये?"

"तुला आवडंल म्हनून. तू बसावंस म्हनून. खीर केलीय घरी. ह्ये तात्पुरतं हाय, उद्या काढायचं..."

"उद्या काढायचं," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. ते गाडीभोवती फिरले. पुढच्या मडगार्डाशी, रस्त्याच्या तापानं फिल्मची कड उचलली गेली होती. दादांनी तिथं नख घातलं आणि ओढलं.

फिल्म निघाली, पण एकटी निघाली नाही. इतकं पीठ, साबण, स्पिरिट, इतकं दाबणं, त्यामुळं ती मलईला घट्ट धरून बसली होती. आणि मलई खाली कशालाच धरून नव्हती. वरून काळा, आतून मलईचा असा मोठा पापुद्रा दादांच्या हातात आला आणि मडगार्डावर त्यांचा जुना काळा रंग उघडा पडला. विटलेला, घासलेला, पण काळा.

दादा वाकले. नाक लागेल इतक्या जवळून त्यांनी बघितलं. अंगठ्यानं चोळलं.

"अरे," ते म्हणाले, "ही हितंच हाय."

आणि त्यांनी पुढचा तुकडा ओढला. काकांचा हात एकदा पुढं झाला, "दादा, थांब..." आणि तसाच राहिला. सगळा उन्हाळा जे आवरण जपून, दाबून, सुईनं टोचून बसवलं, ते त्यांच्यासमोर फाटत होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. दादांची सून पाण्याचे तांबे घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मग काका दुसऱ्या बाजूला गेले, उकिडवे बसले आणि त्यांनीही कड शोधून ओढायला सुरुवात केली.

दोघं म्हातारे भर उन्हात गाडी सोलत होते. मडगार्डं झटक्यात निघाली, टप सावकाश, आणि पिवळं दिसल्यावर दादा एकदा खाकरले. दारं मात्र ऐकेनात. "लई घट्ट बसवलंस," दादा म्हणाले. काकांनी मान खाली घातली, पण त्यांना ते आवडलं हे मला दिसलं. शेवटी अंगणभर पापुद्रे झाले आणि मधोमध ती गाडी. कुठं काळी, कुठं पिवळी, कुठं हटून बसलेली मलई, डिकीवर गंज. कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही कायद्यानं न चालणारी. मी तिला इतक्या वाईट अवस्थेत कधीच पाहिली नव्हती.

"आता कशी माजी दिसती," दादा म्हणाले.

त्यांनी सदऱ्याला हात पुसले, चालकाचं दार उघडलं आणि आत बसले. सीट पुढं सरकवली. त्यांचं लायसन कधीच संपलं होतं आणि ते काकांना चांगलं ठाऊक होतं. तरी काका पुढं शेजारी बसायला गेले.

"फुडं न्हाय," दादा म्हणाले. "मागं बस."

काका मागं बसले. दादांनी आरसा हलवून त्यात धाकट्या भावाचा चेहरा आणला आणि टॅक्सीवाल्याच्या आवाजात, सगळ्या आयुष्यात हजारो लोकांना विचारलं असेल तसं विचारलं, "बोलो साब, किधर?"

मी गाडीच्या खिडकीशी पापुद्रे गोळा करत होते. मला वाटलं आता काकांचं 'सदर' येणार. पण ते म्हणाले, "कोर्टात जायाचं हाय, दादा. नोकरीचा पयला दिस हाय माजा." त्यांनी पुढच्या सीटची पाठ धरली. "आन् आज गेटापातुर ने. त्या दिशी तू मुंबईवरनं मला सोडाय आलास, आन् मी तुला अलीकडं कोपऱ्यावरच थांबीवलं. टॅक्सीतनं उतरताना लोकं बघतील म्हनून."

दादांनी मागं वळून बघितलं नाही. आरशातच बघत होते.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "तू आत जाईस्तवर मी तितंच उभा व्हतो."

मग त्यांनी चावी फिरवली आणि पहिला गिअर टाकला.